बाळाचं कपाट: सुतारकामाच्या आणि पॉलिशच्या नोंदी

9 जानेवारी

सातवा महिना लागला. काय बनवायचं ते आज पक्कं केलं: तीन रुंद ड्रॉवरचं बसकं कपाट. वरचा माथा सपाट ठेवायचा, म्हणजे त्यावरच बाळाचे कपडे बदलता येतील. उंची 86 सेंमी, रुंदी 96, खोली 50. उंची माझ्या कोपरापासून थोडी खाली धरली आहे. रात्री-अपरात्री त्यापुढे उभं राहायचं तर कंबर वाकायला नको.

क्रिब, म्हणजे दांड्यांचा बाळाचा पलंग, का नाही बनवत, असं सगळे विचारतात. क्रिबच्या दांड्यांमधली फट अमेरिकेच्या नियमात 60 मिमीपेक्षा जास्त चालत नाही, युरोपात ती 45 ते 65 मिमीच्या दरम्यान लागते. एवढं मोजून देणं मला सहज जमेल. पण क्रिबमध्ये दगा देतात ते सांधे. बाजू खाली सरकवता येणारी क्रिब्ज अमेरिकेत 2011 पासून विकायलाच बंदी आहे, कारण खिट्ट्या सैल होऊन बाजू निसटायची आणि तयार झालेल्या फटीत मूल अडकायचं. कारखान्यात क्रिब पुन्हा पुन्हा हादरवून, वजन टाकून तपासतात. ती सोय माझ्याकडे नाही. बाळ जिथे एकटं झोपणार ती वस्तू तपासलेलीच आणायची. कपाटावर मात्र माझा हात बसलेला आहे.

17 जानेवारी

सांगाडा आणि ड्रॉवरची तोंडं सागाची, ड्रॉवरचे तळ आणि पाठ प्लायची.

प्लायवर बराच वेळ घालवला. युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेल्या प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डमधून फॉर्मल्डिहाइड हळूहळू बाहेर पडत राहतं. उष्ण आणि दमट हवेत जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. लाकडाची धूळ 1995 पासूनच त्या गटात आहे. म्हणून कमी उत्सर्जनाची प्लाय घेतली, आणि ती सहा अंगांनी बंद करायची असं ठरवलं. पृष्ठभागावर सगळेच काहीतरी लावतात. कापलेली कड मात्र कोरी राहते आणि वायू सर्वांत जास्त तिथूनच सुटतो.

26 जानेवारी

हे काम माझ्या तब्येतीच्या आणि पुढे बाळाच्या वेळापत्रकावर चालणार. त्यामुळे कामांची यादी नेहमीच्या क्रमाने लिहिली नाही. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहिला: हे मधेच टाकून उठता येईल का?

रंधा मारणं, पॉलिश पेपर घासणं, पटाशीने सांधा साफ करणं, ड्रॉवर सरकायचे रनर बसवणं ही कामं कुठल्याही क्षणी सोडता येतात. गोंद लावलेला सांगाडा सोडता येत नाही. माथ्यावर अर्धं पसरलेलं वॉर्निश तर अजिबातच नाही, ओली कड वाळली की तिथे कायमची रेघ उमटते. पांढरा गोंद पाच-दहा मिनिटांत पकडायला लागतो. दोन बाजू, तीन आडव्या पट्ट्या आणि पाठीची खाच इतक्या वेळात बसवायची तर चार हात पाहिजेत आणि घरात शांतता पाहिजे.

तेव्हा माथ्याचं वॉर्निश सोडून न थांबवता येणारं सगळं काम बाळ यायच्या आत उरकायचं. जे उरेल त्याचे असे तुकडे पाडायचे की प्रत्येक तुकडा एका झोपेत मावेल.

3 फेब्रुवारी

यंत्राची कापणी संपत आली. सगळं उघड्यावर केलं, मास्क लावून. सागाच्या बारीक धुळीने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते, काहींना दमही लागतो. शिवाय सागात सिलिका असते, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात आणि बोथट पातं जास्त धूळ करतं. धार लावणं हेही धुळीविरुद्धचं काम आहे, हे फार कमी लोक मनावर घेतात.

उचलायचं सगळं नवऱ्याकडे. बोटांना मुंग्या येतात, उजव्या हाताला जास्त. गरोदरपणी अंगात पाणी साठून मनगटातली नस दाबली जाते, तसंच आहे हे. दर थोड्या वेळाने पटाशी खाली ठेवते.

12 फेब्रुवारी

पॉलिश कुठलं, याचा निकाल लावला. कुणाला घाई असेल तर त्याने एवढी एकच नोंद वाचावी.

नवऱ्याला जवसाचं तेल हवं होतं. रंग सुंदर येतो आणि लावायला सोपं, हे खरं. पण कपाटाच्या आत तेल लावायचं नाही, हा जुन्या कारागिरांचा नियम मी मोडत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. बंद ड्रॉवरमध्ये हवा खेळत नाही, त्यामुळे वास महिनोन्‌महिने जात नाही आणि कपड्यांना लागतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जवसाचं तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर काही तासांत आपोआप पेट घेऊ शकतात. त्या एकेक पसरून वाळवाव्या लागतात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्या लागतात. झोप अपुरी असलेल्या घरात अशी आठवणीवर चालणारी गोष्ट मला ठेवायचीच नाही.

मेलामाइन पॉलिश काचेसारखं दिसतं. त्यात ॲसिडचा हार्डनर घालतात आणि घट्ट होताना ते स्वतःच फॉर्मल्डिहाइड सोडतं. दोन भागांच्या पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही उसळतो. कारखान्यात वेगळी खोली आणि बाहेरच्या हवेचा मुखवटा असतो. घरात दोन्ही बाद.

उरली लाख. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख मी आत सगळीकडे लावणार: ड्रॉवरच्या आत, प्लायच्या कडांना, पाठीला. स्पिरिट उडून गेलं की वासही जातो. गोळ्यांवर आणि मिठाईवर चकाकी आणायला हीच लाख वापरतात. तिचा खरा गुण मात्र वेगळाच आहे. नवा हात मारला की त्यातलं स्पिरिट खालचा थर थोडा विरघळवतं आणि दोन्ही थर एकजीव होतात. म्हणजे आज एक हात मारला, पुढचा तीन आठवड्यांनी मारला, तरी काही बिघडत नाही. तेलाच्या पॉलियुरेथेनचं तसं नसतं. त्याची ठरलेली वेळ उलटली की घासून खरखरीत केल्याशिवाय वरचा थर धरत नाही. तान्हं मूल असलेल्या सुतारासाठी लाखेइतकं समजूतदार पॉलिश नाही.

एवढंच की लाख अल्कोहोल, गरम भांडं आणि अल्कली सोसत नाही. माथा दिवसातून कितीदा तरी ओला होणार, साबणाने पुसला जाणार. म्हणून माथा आणि ड्रॉवरची तोंडं: खाली मेण काढलेल्या लाखेचं अस्तर, वर पाण्यावर आधारलेलं पॉलियुरेथेन. मेण काढलेलीच लाख पाहिजे, नाहीतर वरचा थर सुटतो.

21 फेब्रुवारी

आत्याचा फोन. "अगं, माडीवर आपली जुनी लहान मुलांची खुर्ची पडून आहे. तू नाहीतरी सगळं घासते आहेसच, तेवढी घासून रंगवून घे."

खुर्चीचा फोटो मागवला. रंगाचे तीन-चार थर दिसतात, सर्वांत खालचा पिवळा, पोपडे धरलेला. आत्याला सांगितलं, तिला पॉलिश पेपर लावणार नाही, तुम्हीही लावू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेने घरगुती रंगांत ते 1978 मध्ये बंद केलं आणि कित्येक देशांत ते त्यानंतरही पुष्कळ वर्षं चालू होतं. घासलं की शिशाची धूळ जमिनीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. रक्तातलं शिसं अमुक इतकं असेल तर चालेल, अशी मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत्या थोड्या नाराज झाल्या, मग म्हणाल्या, "बरं, बांधून ठेवते." तपासणी करून घेतल्यावर ठरवू.

2 मार्च

आतला भाग जोडणीच्या आधीच पॉलिश करून घेतोय. फळ्या सुट्या असतानाच हात फिरतो. जोडल्यावर कोपऱ्यात बोळा पोचत नाही. गोंद लागायच्या जागांवर कागदी टेप लावली. आणखी एक फायदा: सांध्यातून बाहेर आलेला गोंद पॉलिशवर धरत नाही, वाळला की पटाशीच्या टोकाने पापुद्र्यासारखा निघतो.

स्पिरिटच्या वाफेत मी थांबत नाही, म्हणून हे काम नवऱ्याकडे. मी दाराबाहेर खुर्ची टाकून सांगते. एक लिटर इथेनॉलला 120 ग्रॅम लाख, रात्रभर भिजवून, गाळून. मिथेनॉल मिसळलेलं स्पिरिट आणलेलं नाही. ते कातडीतून आणि श्वासातूनही अंगात जातं.

बोळा करायला त्याला वेळ लागला. आत कापूस, वर धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, तोंडाला एकही सुरकुती नको. लाख कापसात ओतायची, कापडावर नाही. मग बोळा तळहातावर टिपायचा: हात ओला झाला तर जास्त भरला, नुसता गार लागला तर बरोबर. लाकडावर तो चालता चालताच टेकवायचा आणि चालता चालताच उचलायचा. थांबला की खालचा थर विरघळून तिथे चिकटतो. पहिली फळी पट्ट्यापट्ट्यांची झाली. तिसऱ्या फळीवर त्याचा हात इतका सरळ गेला की मला उठून जवळ जाऊन बघावंसं वाटलं.

9 मार्च

सांगाडा जोडला. पांढऱ्या गोंदाऐवजी बाटलीतला सरस वापरला. तो पकडायला बराच जास्त वेळ देतो, आणि पुढे कधी सांधा उघडायचा झाला तर उष्णता आणि ओलाव्याने सुटतो. साग तेलकट असतो, म्हणून सांध्याच्या जागा आज सकाळीच ताज्या रंधल्या. कर्ण दोन्ही बाजूंनी मोजले, एकसारखे. क्लॅम्प रात्रभर.

माथ्याचं पॉलिश सोडलं तर न थांबवता येणारं शेवटचं काम झालं. आता ड्रॉवर राहिले.

28 मार्च

लेक झाली. काम बंद.

27 एप्रिल

आज पहिल्यांदा कामाच्या खोलीत जाऊन नुसती उभी राहिले. सांगाड्यावर चादर टाकलेली. हात शिवशिवले, पण यंत्राला हात लावला नाही.

1997 मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. सलग 17 तास जागा असलेला माणूस हाताच्या आणि लक्षाच्या चाचणीत, रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो. 24 तासांनी ते 0.10 टक्क्यांच्या बरोबरीला जातं. दारू प्यायलेल्या माणसाला मी राउटर (फिरत्या पात्याने लाकडात खाच पाडणारं यंत्र) धरू देणार नाही, मग स्वतःलाही नाही. नियम दारावर लिहिला: सलग पाच तास झोप झाली नसेल तर फिरतं पातं बंद. हा नियम नवऱ्यालाही लागू, कारण तोही तितकाच जागतो.

11 मे

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर कळ येते. बाळाला काखेतून उचलताना अंगठा ताणला जातो, तिथेच. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला लावलं आणि मी ओरडलेच. दुखण्याचं नाव द केर्व्हां. त्या नावाच्या स्विस शल्यविशारदाने 1895 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. अंगठा हलवणाऱ्या दोन स्नायुबंधांभोवतीचं आवरण जाड होतं. तान्ह्या मुलांच्या आयांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की मला ते आधी कुणी कसं सांगितलं नाही, याचंच नवल वाटतं.

सुतारकाम करणाऱ्या बाईसाठी हे जाणून घेणं फार गरजेचं आहे, कारण अंगठा आपल्या प्रत्येक हत्याराला लागतो. पटाशी मारताना तो दिशा देतो. स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायचं पातळ पातं, तर दोन अंगठ्यांनी वाकवूनच चालवायचा असतो. पट्टा बांधलाय. बाळाला उचलताना अंगठा बोटांना चिकटवून, तळहात खाली सरकवून उचलते. रंधा, पटाशी, स्क्रेपर पुढचे काही आठवडे बंद. ड्रॉवरचे डव्हटेलचे कोपरे (शेपटीच्या आकाराचे, एकमेकांत अडकणारे सांधे) नवरा कापणार.

मला जमतं ते म्हणजे तळहाताने दाब देऊन घासणं: बुचाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळून, आधी 150 नंबरचा, मग त्याहून बारीक 180, मग 220. आवाजही होत नाही. लेक शेजारच्या खोलीत झोपलेली असते आणि मला तिचा श्वास ऐकू येईल इतकी शांतता असते.

24 मे

घासून झालं की क्रम ठरलेला: खोलीतच एप्रन आणि सदरा काढायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, चेहरा, केस पुसायचे, मग बाळ. बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगत राहते, म्हणून काम संपल्यावरही दार बंद, खिडकी उघडी. मास्कबद्दल एक सांगायला हवं: धुळीचा एन-95 मास्क वाफ अडवत नाही. पॉलिशच्या वाफेसाठी कोळशाची डबी असलेला मुखवटा वेगळा.

5 जून

ड्रॉवरची तोंडं. पाण्याचं पॉलिश लाकडाचे रेषे उभे करतं. म्हणून आधी ओल्या फडक्याने लाकूड भिजवलं, वाळल्यावर उभे राहिलेले रेषे 220 ने हलकेच उतरवले, मग लाखेचं अस्तर, मग 320, मग पॉलिश. ब्रश कृत्रिम केसांचा. नैसर्गिक केस पाण्यात फुगतात.

एका झोपेत एक तोंड. पॉलिश लावायला काही मिनिटं आणि ब्रश धुवायला तेवढीच, तेही नळाखाली. पुढचा हात दोन ते चार तासांनी, म्हणजे बहुतेक पुढच्या झोपेला. तेलाचं पॉलिश असतं तर ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवा, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा, आणि घरभर वास. पाण्याच्या पॉलिशचा रंग सागावर थोडा थंड दिसतो, ही तक्रार खरी आहे. खालच्या लाखेने ती बरीच भरून काढली. तोंडांना मधाची झाक आहे.

दुसरं तोंड चालू असताना ती उठली. कडेपर्यंत एक लांब ओढ पूर्ण केली, ब्रश पाण्यात टाकला आणि गेले. सुटे तुकडे असल्याचा हा फायदा. वाया गेलं असतं तर एक तोंड गेलं असतं, कपाट नव्हे.

19 जून

माथा. एवढा मोठा एकसंध पृष्ठभाग मी मुद्दाम शेवटी ठेवला. नवरा लेकीला घेऊन बाहेर गेला. दिवा बाजूला माथ्याच्या पातळीला ठेवून तिरप्या उजेडात पाहिलं की सुटलेली, न चमकणारी जागा लगेच कळते. पुढची कड आणि कोपरे आधीच गोल केले आहेत, 6 मिमीच्या त्रिज्येने. दात येतील तेव्हा तोंड तिथेच लागणार.

तीन हात, मधे 400 चा हलका पेपर. पहाटे तिला दूध पाजता पाजता दाराच्या फटीतून तो माथा दिसतो. फार छान झालाय.

22 जून

कपाट तयार दिसतं, पण वापरायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "हाताला तर काही लागत नाही, वाळलंय की." हाताला कोरडं लागणं तासाभरात होतं, थर आतपर्यंत घट्ट व्हायला दोन ते चार आठवडे जातात, तेलाच्या पॉलियुरेथेनला महिनाभर. तोवर त्यातून थोडी थोडी वाफ निघत राहते, आणि ओलं फडकं ठेवलं तर डाग पडतो. ड्रॉवर बाहेर काढून खिडकीपाशी उभे केलेत. सासूबाईंनी स्वतः रोज त्यांची बाजू बदलायचं काम घेतलं.

16 जुलै

ड्रॉवर दोन दिवस बंद ठेवून सकाळी उघडले आणि आत नाक घातलं. सागाचा वास, बाकी काही नाही. माथ्याच्या मागच्या कडेला नख दाबून पाहिलं, खूण उठत नाही. कपडे भरले.

20 जुलै

भिंतीला बांधलं. कपड्यांचं कपाट अंगावर पडून लहान मुलं दगावतात. मूल खालचा ड्रॉवर उघडून त्यावर पायरीसारखं चढतं आणि गुरुत्वमध्य पुढे येतो. अमेरिकेत 2022 चा कायदा झाल्यावर सप्टेंबर 2023 पासून 27 इंच (सुमारे 69 सेंमी) आणि त्यापेक्षा उंच कपाटांना 60 पौंडांपर्यंतच्या (सुमारे 27 किलो) मुलाचं वजन गृहीत धरलेली कडक चाचणी लागू झाली. माझं कपाट त्या उंचीच्या वर जातं. मागच्या वरच्या पट्टीतून दोन धातूचे कोन, भिंतीत खोल स्क्रू. पाठीच्या पातळ प्लायला कोन लावून उपयोग नाही, ती फाटून येते. मग तिन्ही ड्रॉवर भरलेले, उघडे ठेवून पुढच्या कडेवर वजन टाकून पाहिलं. हललं नाही.

माथ्यावर गादीच्या तिन्ही बाजूंना उठावाच्या पट्ट्या लावल्यात, तरी एक हात कायम लेकीवर. ती आता कुशीवर वळायला बघते.

मनगट बरंच बरं आहे. पट्टा फक्त रात्री.

राहिलेली कामं: ड्रॉवरला आतून चुंबकाचे लॉक, ती रांगायला लागायच्या आत. खालच्या ड्रॉवरच्या रनरला मऊ बंद होणारी जोडी, बोटं चेमटू नयेत म्हणून. आत्यांच्या खुर्चीचा रंग तपासायला द्यायचा. उरलेली लाख भिजवलेली आहे, ती वर्षभराच्या आत संपवायला हवी, जुनी लाख नीट घट्ट होत नाही. पुढच्या वेळी काचेवर एक थेंब टाकून बघायचा आणि मगच लाकडाला लावायची.